जमावाने खून केला तर कोणाला किती शिक्षा, हे कोर्ट नक्की ठरवतं कसं?

शंकासुर :
नमस्कार मंडळी. कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही हे आधीच सांगून टाकतो. एकट्याने खून केला तर जन्मठेप नाहीतर फाशी, इथपर्यंत ठीक आहे. पण चाळीस-पन्नास जण जमले, कोणी काठी घातली, कोणी लाथ मारली, कोणी नुसतं मारा मारा म्हणून ओरडलं, कोणी मोबाईलवर शूटिंग करत उभा राहिला आणि माणूस मेला, तर यातला खुनी कोण? सगळ्यांना सारखी शिक्षा की ज्याने जेवढं मारलं तेवढी?

निकाल बघावे तर अजूनच गोंधळ होतो. खैरलांजी घ्या, दलित कुटुंबाच्या हत्येची २००६ ची घटना, भंडाऱ्याच्या कोर्टाने २००८ ला सहा जणांना फाशी दिली आणि दोघांना जन्मठेप, २०१० ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सहाच्या सहा फाशी रद्द करून २५ वर्षं केली. झारखंडात रामगढला २०१७ मध्ये गोमांसाच्या संशयावरून एकाला मारलं, तिथे पुढच्याच वर्षी अकरा जणांना जन्मठेप. त्याच झारखंडात सरायकेलाला २०१९ मध्ये चोरीच्या संशयावरून खांबाला बांधून मारलं तर दहा जणांना दहा-दहा वर्षं. राजस्थानात अलवरच्या २०१८ च्या केसमध्ये चौघांना सात-सात वर्षं आणि त्याच अलवर जिल्ह्यातल्या २०१७ च्या केसमध्ये मारहाणीचा व्हिडिओ अख्ख्या देशाने बघितलेला असूनही सहाच्या सहा जण निर्दोष. मेलेला माणूस सगळीकडे सारखाच मेला ना? मग हे जजच्या मनावर असतं की काही तक्ता वगैरे असतो? आणि नवीन कायद्यात मॉब लिंचिंगचं वेगळं कलम आलंय म्हणतात त्याने काय फरक पडला? जाणकारांनी जरा समजेल अशा भाषेत सांगा.

काळाकोट :
शंकासुर, प्रश्न चांगलाय. मी सेशन कोर्टात फौजदारीच करते, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने, त्यामुळे माझं थोडं त्या बाजूला झुकलं तर चालवून घ्या.

शिक्षा वाटली जात नाही. पाच किंवा जास्त माणसं बेकायदेशीर हेतूने एकत्र आली की तो गैरकायद्याची मंडळी म्हणजे आपला बेकायदेशीर जमाव, आणि त्या जमावाच्या समान उद्देशासाठी एकानेही खून केला, किंवा असा खून होऊ शकतो हे बाकीच्यांना माहीत होतं, तर त्या क्षणी जमावात असलेला प्रत्येक जण त्या पूर्ण खुनाचा दोषी. जुन्या भादंविचं म्हणजे भारतीय दंड संहितेचं कलम १४९, आता भारतीय न्याय संहितेचं १९०. कोणाच्या काठीने जीव गेला हे सरकार पक्षाला सिद्ध करावंच लागत नाही. हे कलम नसतं तर जमावाने केलेल्या एकाही खुनात शिक्षा झाली नसती, कारण पंचवीस काठ्यांमधली जीव घेणारी काठी कोणती हे कोणता डॉक्टर सांगणार.

पण याची दुसरी बाजू अशी की या जाळ्यात कोणीही सापडू शकतो. गावात आरडाओरडा झाला की अर्धं गाव बघायला येतं, त्यातले सगळे खुनी नसतात. म्हणून सुप्रीम कोर्टाने १९५६ च्या बलादीन केसपासून परत परत सांगितलंय की नुसतं तिथे हजर असणं पुरेसं नाही, तो जमावाचा भाग होता हे कशावरून तरी दिसलं पाहिजे. हातात हत्यार होतं, चिथावत होता, वाट अडवून उभा होता, काहीतरी. मग १९६४ च्या मसलती केसमध्ये कोर्टाने एक व्यवहारी कसोटी लावली, आरोपींची आणि मयतांची संख्या मोठी असेल तर दोन-तीन साक्षीदार एकसारखं ज्याचं नाव घेतात त्यालाच दोषी धरा, एकानेच नाव घेतलंय त्याला सोडा. यांत्रिक वाटते खरी पण अजूनही वापरली जाते.

आता तुमचा मुख्य मुद्दा. लोक पेपरात निकालाची शेवटची ओळ वाचतात आणि म्हणतात जजने सातच वर्षं दिली. खरं तर आकडा त्याच्या आधीच ठरून गेलेला असतो, कलम कुठलं सिद्ध झालं यावर. खून सिद्ध झाला, म्हणजे ३०२, आताचं १०३, तर जजच्या हातात दोनच गोष्टी असतात, जन्मठेप किंवा फाशी. सात वर्षं द्यायची म्हटली तरी देता येत नाहीत, कायद्यात ती सोयच नाही. सात आणि दहा वर्षं आली ती अलवर आणि सरायकेलामध्ये, कारण तिथे कोर्टाने खून न धरता सदोष मनुष्यवध धरला, म्हणजे जीव घेतला पण कायद्याने खुनापेक्षा हलका मानलेला गुन्हा, ३०४ चा पहिला भाग. त्यात जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत असा पट्टा आहे, तिथे जजला हात मोकळा असतो.

खून की सदोष मनुष्यवध हे जमावाच्या केसमध्ये कुठे ठरतं तर पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरच्या साक्षीत. सरकारी वकील एकच प्रश्न विचारतो, या जखमा सर्वसाधारणपणे मृत्यू घडवून आणायला पुरेशा होत्या का. डॉक्टर ठामपणे हो म्हणाले की खुनाच्या बाजूला झुकतं. जखमा सगळ्या हातापायावर आहेत, डोक्यात वर्मी घाव नाही, माणूस मारहाणीनंतर काही दिवसांनी मेला, मधल्या काळात त्याला वेळेवर उपचार मिळाले नाहीत, असं काही असलं की आमच्यासारखे वकील तिथेच पाचर मारतात की मारायचा इरादा नव्हता, धडा शिकवायचा होता. सरायकेलाच्या केसमध्ये तर माणूस आधी पोलीस कोठडीत आणि तुरुंगात गेला आणि काही दिवसांनी मेला, पोलिसांनी मधे ३०२ काढून ३०४ लावलं होतं, बोंबाबोंब झाल्यावर परत ३०२ लावलं, आणि शेवटी दोषी धरलं ते ३०४ खालीच.

एकाच खटल्यात पण वेगवेगळं होतं बरं का. अहमदाबादच्या गुलबर्ग सोसायटीत २००२ च्या दंगलीत झालेल्या हत्याकांडाचा २०१६ चा निकाल काढून बघा, २४ दोषी, त्यातल्या खुनाच्या ११ जणांना जन्मठेप, एकाला दहा वर्षं आणि बाकी बारा जणांना सात वर्षं. जमाव तोच, दिवस तोच, पण प्रत्येकाविरुद्ध काय सिद्ध झालं ते वेगळं.

सरळसोट :
ताई तुम्ही वकील लोक शब्दांचा कीस पाडता आणि तेवढ्यात आरोपी बेलवर सुटून गावात मिरवणूक काढतात. माझं सरळ म्हणणं आहे जमावाने मारलं की जेवढे सापडतील तेवढे लटकवा, पुढच्या वेळी दगड उचलायच्या आधी माणूस दहादा विचार करेल. आणि हे माझं म्हणणं नाही, सुप्रीम कोर्टानेच २०१८ ला सांगितलंय जमावाच्या हिंसेत जास्तीत जास्त शिक्षा द्या म्हणून. मग खालची कोर्टं ऐकत का नाहीत?

काळाकोट :
सरळसोट, ते सांगितलंय हे बरोबर आहे. तहसीन पूनावाला केस, १७ जुलै २०१८. त्यात बरंच काही आहे, प्रत्येक जिल्ह्यात एसपी दर्जाचा नोडल अधिकारी, फास्ट ट्रॅक कोर्ट, शक्यतो सहा महिन्यांत खटला संपवा, आणि दोषी ठरल्यावर जरब बसावी म्हणून ट्रायल कोर्टाने साधारणतः त्या कलमातली कमाल शिक्षा द्यावी. पण ते तीन न्यायाधीशांचं खंडपीठ होतं. फाशी कधी द्यायची ते पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १९८० च्या बच्चन सिंग निकालात ठरवलंय, जन्मठेप हा नियम आणि फाशी दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात, ती सुद्धा तेव्हाच जेव्हा दुसरा कुठलाही पर्याय उरत नाही. गुन्हाच नाही गुन्हेगारही बघा, तो सुधारू शकतो का ते बघा. तिघांच्या निकालाने पाचांचा निकाल पुसला जात नाही. त्यामुळे २०१८ च्या त्या ओळीचा खरा उपयोग ३०४ किंवा गंभीर दुखापतीसारख्या कलमांत होतो, जिथे खाली-वर करायला जागा आहे. तरी अलवरमध्ये सातच वर्षं मिळाली, यावर मात्र तुमचा राग मला समजतो.

आणि जमावाच्या खुनात फाशी टिकत का नाही याला एक अगदी जमावाचंच असं कारण आहे. दोषी धरायला १४९ पुरतं, कोणी मारलं हे माहीत नसलं तरी चालतं. पण एखाद्याला लटकवायचं म्हटलं की जजला मनातून हे माहीत हवं असतं की याने स्वतः काय केलं. तिथे धुकं असतं. त्रिपुरातली अशोक देबबर्मा केस, २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, १९९७ साली हत्यारबंद टोळीने गावावर हल्ला केला, घरं जाळली, पंधरा माणसं मारली, टोळीतल्या या एकाला खाली फाशी झाली. सुप्रीम कोर्टाने दोष कायम ठेवला पण फाशी काढली. म्हणणं असं की संशयापलीकडे सिद्ध झालं हे मान्य, तरी मनात जो थोडा शिल्लक संशय राहतो तो निदान फाशी देताना तरी विचारात घ्या. वीस वर्षं दिली, सूट नाही, म्हणजे मधे सरकारने शिक्षा कमी करून सोडायचं नाही.

ओडिशात १९९९ ला मनोहरपूरला मिशनरी आणि त्याच्या दोन मुलांना गाडीत जाळलं ती केस पण तशीच. ट्रायल कोर्टाने २००३ ला मुख्य आरोपीला फाशी आणि बाकी बारा जणांना जन्मठेप, हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली आणि त्या बारापैकी अकरा सोडले, २०११ ला सुप्रीम कोर्टाने तेच कायम ठेवलं.

असं असलं तरी १४९ मध्ये फाशी देताच येत नाही असं मुळीच नाही. मसलतीमध्येच हा युक्तिवाद झाला होता की प्रत्यक्ष मारल्याचं सिद्ध नाही तर फाशी कशी, कोर्टाने तो फेटाळला, बऱ्याच जणांची फाशी ठेवली, फक्त वयाने लहान अशा काहींची जन्मठेपेत बदलली.

निवृत्त_बेंचक्लार्क :
या धाग्यावर लिहायचं नव्हतं पण राहवत नाही. माझी सगळी नोकरी सेशन कोर्टात जजसाहेबांच्या खाली टेबलावर गेली.

वकीलताईंनी सांगितलं ते बरोबर, पण कोर्टात ते कसं दिसतं ते सांगतो. जमावाच्या खटल्यात आरोपी इतके असतात की पिंजऱ्यात मावत नाहीत, मागच्या बाकांवर आणि कधी खाली सुद्धा बसवतात, घटनेला पाच-सात वर्षं उलटलेली, तेव्हा काळे केस होते त्याचे पांढरे झाले, कोणी दाढी वाढवली कोणी काढली. साक्षीदार, बऱ्याचदा मयताची बायको किंवा भाऊ, पिंजऱ्यातून खाली उतरून त्यांच्यासमोर जातो आणि बोट दाखवतो. मी खाली टाईप करतो, साक्षीदाराने आरोपी क्रमांक ४ यास ओळखले. मग क्रमांक ५. मग ७. सहा नंबरवर नजर गेली, थांबली आणि पुढे सरकली. तो सहा नंबर तिथेच सुटला, त्याला तेव्हा कळलं सुद्धा नसेल, पण त्याच्या वकिलाने लगेच कागदावर टिपून घेतलं. बाहेर लोक म्हणतात पैसे खाऊन सोडला.

आणि ओळख परेड झालेली नसेल तर कोर्टातल्या त्या बोटाला पण फारशी किंमत राहत नाही. गावातलाच ओळखीचा माणूस असेल तर ठीक, अनोळखी असेल तर बचाव पक्ष विचारतो, आज सात वर्षांनी पहिल्यांदा ओळखताय, मधे पेपरात फोटो पाहिला होता का. अलवरच्या २०१७ वाल्या निकालात हेच झालं, तुरुंगात ओळख परेड घेतली नाही आणि व्हिडिओ ज्या मोबाईलवर होता त्याचा तपासच धड नाही. व्हिडिओ नुसता व्हायरल झाला म्हणून पुरावा होत नाही साहेब, तो कोणी काढला, कुठल्या फोनवर, त्याचं प्रमाणपत्र, लॅबचा रिपोर्ट, ही साखळी लागते. नागपूरचं घ्या, २००४ मध्ये भर कोर्टाच्या आवारात वस्तीतल्या जमावाने एका गुंडाला मारलं, ज्याच्या छळाला अख्खी वस्ती कंटाळली होती, सगळ्या देशात गाजलं, २०१४ मध्ये सगळे आरोपी पुराव्याअभावी निर्दोष. तिथे कोणाला किती शिक्षा हा प्रश्नच आला नाही.

शिक्षेची सुनावणी हा प्रकार तर बाहेरच्यांना माहीतच नसतो. दोषी ठरवलं की लगेच शिक्षा सुनावता येत नाही, आधी आरोपीला विचारावं लागतं तुला काय सांगायचंय, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं २३५(२), आता नागरिक सुरक्षा संहितेचं २५८. जमाव असेल तर एकेकाला नाव घेऊन उभं करायचं. मग म्हातारी आई आहे, मुलं लहान आहेत, घरात कमावता मी एकटाच, पहिलाच गुन्हा आहे साहेब. दहा-बारा जणांचं जवळजवळ तेच आणि मी तेच परत परत टाईप करतोय. एकदा एक पोरगा, विशीतला असेल, त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला मला काही सांगायचं नाही, मी फक्त सगळे गेले म्हणून गेलो होतो. साहेबांनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाले जसं बोलला तसं घ्या. मी घेतलं. जन्मठेपच झाली त्याला, ३०२ मध्ये त्याहून खाली जाताच येत नाही ना.

मधलीसुट्टी :
काका तुमची शेवटची ओळ वाचून थांबले. सगळे गेले म्हणून गेलो. मानसशास्त्र शिकवते म्हणून विचारते, गर्दीत माणसाचं वैयक्तिक भान सुटतं, आपण कोणीच नाही असं वाटायला लागतं, यावर एवढं संशोधन झालंय, ते शिक्षा कमी करायला धरलं जातं का? दक्षिण आफ्रिकेत हा वाद फार पेटला होता एवढं मला माहितीये. शार्पव्हिलला १९८४ मध्ये जमावाने उपमहापौराला मारलं, सहा जणांना १९८५ मध्ये फाशी सुनावली, त्यांच्यापैकी कोणाच्या हातून तो मेला हे सिद्ध झालं नव्हतं, समान हेतूच्या तत्त्वावरच दोषी धरलं होतं म्हणजे आपल्या १४९ ची चुलत बहीणच म्हणा. जगभरातून दबाव आला आणि १९८८ मध्ये फाशीऐवजी लांब मुदतीच्या कैदेवर आलं. तिथल्या खटल्यांत पुढे मानसशास्त्रज्ञ साक्षीला येऊन गर्दीच्या मानसिकतेवर बोलायला लागले.

काळाकोट :
मधलीसुट्टी, आपल्याकडे गर्दीत होतो म्हणून भान नव्हतं हा बचाव दोषातून सोडवत नाही, उलट जमावात सामील होणं हाच गुन्हा आहे. शिक्षेच्या वेळी मात्र मांडता येतं, फाशी की जन्मठेप एवढ्यापुरतं. २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालानंतर फाशीची शक्यता असेल तर कोर्टाने आरोपीचं मानसिक मूल्यांकन, तुरुंगातलं वागणं, घरची पार्श्वभूमी याचे अहवाल मागवायला हवेत. आधी हे आम्ही वकील दोन ओळींत गुंडाळायचो, काकांनी सांगितलं तसं, म्हातारी आई आणि लहान मुलं. आता कागद तरी येतो.

पण प्रामाणिक मत विचाराल तर जमावाच्या मानसिकतेचा मुद्दा मी स्वतः जपून वापरते. जात किंवा धर्म बघून ठरवून केलेल्या खुनात तो उलटतो. सरकारी वकील लगेच १९८३ चा माछी सिंग निकाल काढतो, त्यात अनुसूचित जातीच्या किंवा अल्पसंख्य समाजातल्या व्यक्तीला वैयक्तिक भांडणातून नव्हे तर समाजात संताप उसळेल अशा परिस्थितीत मारणं हे गुन्हा अधिक गंभीर करणाऱ्या गोष्टींत धरलंय. खैरलांजीत नेमकं हेच दुखणं होतं, भंडाऱ्याच्या कोर्टाने फाशी दिली पण ॲट्रॉसिटी, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराच्या कायद्याखालचा गुन्हा, सिद्ध झाली नाही म्हणाले आणि हायकोर्टाने सुद्धा सुडाचा प्रकार म्हणून बघितलं. एकदा जातीचं कारण बाजूला पडलं की मग फाशी टिकवायला सरकार पक्षाकडे मोठा आधार राहत नाही. आणि तेव्हा कायदा पण तसा होता, जातीच्या कारणावरूनच केलं हे सिद्ध करावं लागायचं. जानेवारी २०१६ पासूनच्या दुरुस्तीनंतर मयत त्या जातीचा आहे हे आरोपीला माहीत होतं एवढं पुरतं. आज तीच केस उभी राहिली असती तर चित्र वेगळं असतं असं मला वाटतं, अर्थात जुन्या गुन्ह्याला नवा कडक कायदा लावता येत नाही, राज्यघटनेचं कलम २०.

सरळसोट :
बरं ते राहू द्या. जन्मठेप म्हणजे शेवटी चौदा वर्षंच ना, चांगल्या वागणुकीवर त्याच्याही आधी बाहेर. मग काय उपयोग?

निवृत्त_बेंचक्लार्क :
नाही हो सरळसोट, ही चौदा वर्षांची अफवा कोर्टाच्या आवारात पण ऐकून कान किटले. जन्मठेप मरेपर्यंतची, १९६१ चा गोपाळ विनायक गोडसे निकाल आहे. चौदा वर्षं ही खालची मर्यादा आहे, खुनासारख्या गुन्ह्यात सरकारला सूट द्यायची झाली तरी प्रत्यक्ष चौदा वर्षं आत काढल्याशिवाय सोडता येत नाही, आणि द्यायचीच असं बंधन पण नाही.

काळाकोट :
त्यात एक भर. फाशी जास्त आणि साधी जन्मठेप कमी वाटते अशा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००८ च्या स्वामी श्रद्धानंद निकालात मधली वाट काढली, वीस, पंचवीस, तीस वर्षं किंवा आयुष्यभर, सूट नाही. पण २०१५ च्या श्रीहरन निकालात घटनापीठाने स्पष्ट केलं की अशी मुदत घालायचा अधिकार फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाला, सेशन कोर्टाला नाही. म्हणजे खालचा जज नुसत्या जन्मठेपेवर तरी थांबतो किंवा थेट फाशीवर जातो. शंकासुर, खाली फाशी आणि वर पंचवीस वर्षं असं जे तुम्हाला बऱ्याच ठिकाणी दिसतं त्याचं हे एक मोठं कारण आहे. जमावाच्या केसमध्ये लोकांचा दबाव असतो, मोर्चे निघालेले असतात, पंचवीस वर्षांची शिक्षा जजच्या हातातच नसेल तर तो काय करणार.

शंकासुर :
वा, आता कुठे डोक्यात उजेड पडतोय. सगळ्यांचे आभार. नवीन कलमाचं राहिलं तेवढं सांगा. म्हणजे समजा धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला झालं तसं, मुलं पळवणारी टोळी आली अशी व्हॉट्सॲपवर अफवा आणि भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, असं आज घडलं तर नवीन लिंचिंगचं कलम लागेल का?

काळाकोट :
गंमत तिथेच आहे. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यातलं १०३(२) सांगतं की पाच किंवा अधिक जणांच्या गटाने मिळून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केला तर गटातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप आणि दंड. धर्म हा शब्द त्यात थेट नाही, समुदाय किंवा श्रद्धेतून तो ओढून आणावा लागेल. आणि राईनपाड्यासारख्या केसमध्ये कारण काय, तर अफवा. मुलं पळवणारे समजून मारलं हे तत्सम कारणात बसतं का? मी आरोपीची वकील असेन तर म्हणेन नाही बसत, सरकारी वकील म्हणेल परके, भटके, वेगळ्या बोलीचे होते म्हणूनच संशय घेतला, त्यामुळे बसतं. मला स्वतःला सरकारी वकिलाचं पटतं, कारण गावातल्याच ओळखीच्या माणसाने मुलाला हाक मारली असती तर कोणी कोंडून मारलं नसतं.

पण शिक्षेच्या दृष्टीने विचाराल तर १०३(२) लागलं काय आणि साधं १०३(१) अधिक १९० लागलं काय, दोन्हीकडे फाशी किंवा जन्मठेपच. ऑगस्ट २०२३ ला बिल पहिल्यांदा आलं तेव्हा लिंचिंगला किमान सात वर्षांचा पण पर्याय ठेवला होता, म्हणजे एकट्याने खून केला तर जन्मठेप आणि पाच जणांनी मिळून जातीवरून केला तर सात वर्षांत पण भागेल असा उलटा न्याय झाला असता. बरीच टीका झाली आणि डिसेंबरच्या बिलात ते काढलं.

मधलीसुट्टी :
आणि जमावात अठराच्या आतली पोरं असतात त्यांचं काय? व्हिडिओंमध्ये बघावं तर निम्मी मिसरूड न फुटलेली असतात.

निवृत्त_बेंचक्लार्क :
त्यांचा खटलाच वेगळा चालतो, बाल न्याय मंडळापुढे. सोळा ते अठरा असेल आणि गुन्हा खुनासारखा असेल तर मंडळ तपासणी करून त्याला मोठ्यांसारखा चालवायला पाठवू शकतं, तरी फाशी नाही आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप पण नाही. नाहीतर जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात. अलवरच्या २०१७ च्या केसचं एक नवल सांगतो, मोठे सहा जण सुटले आणि त्याच घटनेत मंडळाने दोन अल्पवयीन मुलांना २०२० मध्ये दोषी धरून तीन-तीन वर्षं विशेष गृहात पाठवलं.

शंकासुर :
हे तर अजबच. शेवटचा प्रश्न, मयताच्या घरच्यांना शिक्षा कमी वाटली तर ते वर जाऊ शकतात का?

काळाकोट :
अर्धवट. आरोपी सुटला, किंवा खुनाऐवजी हलक्या कलमाखाली दोषी धरला, किंवा भरपाई कमी दिली तर घरचे स्वतः अपील करू शकतात, जुनं ३७२ आणि आताचं नागरिक सुरक्षा संहितेचं ४१३. म्हणजे ३०२ ऐवजी ३०४ झालं असेल तर जाता येतं, थेट आणि कोणाच्या परवानगीच्या भानगडीत न पडता. पण कलम तेच राहिलं आणि फक्त वर्षं कमी दिली, जसं ३०४ मध्ये जन्मठेप देता येत असताना सात वर्षं, तर शिक्षा वाढवायचं अपील फक्त सरकार करू शकतं, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये परविंदर कन्सल केसमध्ये तसं स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे घरच्यांनी अपील करताना वर्षं कमी दिली असं लिहू नये, कलम चुकीचं लावलं असं लिहावं. आणि निकालाची प्रत हातात आली की त्याच आठवड्यात सरकारी वकिलाकडे लेखी अर्ज देऊन ठेवावा की सरकारने पण अपील करावं, तोंडी सांगितलेलं फायलीत कुठेच राहत नाही. भरपाईसाठी निकालाची वाट बघत बसू नका, २०१८ च्या त्याच निकालात घटनेपासून तीस दिवसांत अंतरिम मदत द्या असं म्हटलंय, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा.